मधल्या पट्ट्या

१

लोखंड गंजतं, यात बातमी काहीच नाही. बातमी असते ती किती दिवसांत गंजतं याची, आणि ती आगाऊ सांगणं हा गंजोबाचा पोटाचा धंदा होता. ज्योतिषी माणसांच्या पत्रिका मांडतात, गंजोबा खांबांच्या, खिळ्यांच्या आणि पत्र्यांच्या मांडायचा. ज्योतिषाचं चुकलं तर ग्रह बदनाम होतात. इथे चुकलं तर जिना खाली येतो, एवढाच काय तो फरक.

नाव अर्थात आईबापांनी चांगलं ठेवलं होतं. पण प्रयोगशाळेतल्या लोकांनी पहिल्याच वर्षी त्याचा गंजोबा केला आणि बायको चिडली की तीही तेच वापरायची.

कामाची रीत सोपी. समुद्रात घुसलेल्या एका खडकाळ टोकावर तारेचं कुंपण, कुंपणात माणसाच्या उंचीची एक तिरकी मांडणी. तिच्यावर आठ ओळी, प्रत्येक ओळीत सहा, अशा अठ्ठेचाळीस लोखंडी पट्ट्या. तोंडं समुद्राकडे, पाठीवर ठोकलेले नंबर. दर महिन्याच्या पहिल्या बुधवारी तिथे जाऊन पट्ट्यांची जाडी मोजायची. हवेतलं मीठ पकडायला बाटलीच्या तोंडाशी एक ओलं फडकं गुंडाळलेलं असतं, ते बदलायचं. तीन वर्षं झाली की सगळ्या पट्ट्या आणायच्या, आम्लात बुडवून गंज उतरवायचा, वजन करायचं. वजन किती घटलं, त्यावरून पुढच्या पंचवीस वर्षांचं भाकीत. आणखी एक नियम आहे, तो ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे. कडेला वारा वेडावाकडा घुसतो म्हणून कडेच्या पट्ट्या हिशोबात धरत नाहीत. धरायच्या त्या फक्त मधल्या.

दहा महिने गंजोबा नेमाने गेला. मग गुडघे कुरकुरायला लागले. बसथांब्यापासून टोकापर्यंत सगळा दगडांचा उतार, आणि थांब्यालाच लागून एक चहाची टपरी. टपरीला बाक, बाकाला पाठ टेकायला भिंत. अकराव्या बुधवारी वारा फार होता. गंजोबा बाकावर बसला, चहा घेतला, आणि मागच्या दहा आकड्यांवरून अकरावा काढून वहीत लिहिला. इतका सुंदर आकडा त्याला मोजून कधी मिळाला नव्हता.

गंज सुरुवातीला धावतो आणि मग दमतो, असं पुस्तक सांगतं. जुना गंजच लोखंडावर शाल पांघरतो म्हणे. समुद्राचं मीठ ती शाल टिकू देत नाही, हे गंजोबाला चांगलं ठाऊक होतं. पण बाकावर बसल्या बसल्या शाल सोयीची वाटली. आकड्याच्या शेवटी शून्य किंवा पाच आलं की लबाडीचा वास येतो, म्हणून तो शेवटी सात टाकायचा. सात कसा प्रामाणिक दिसतो. राहता राहिलं फडकं.

"मावशी, चिमूटभर मीठ द्या."

टपरीवाली मावशी मीठ द्यायची. पाण्यात ते विरघळवून गंजोबा फडकं भिजवायचा आणि पिशवीत घालायचा. सव्वादोन वर्षं मावशीने कधी विचारलं नाही की चहाबरोबर हे कसलं पथ्य. तिने विचारलं असतं तर बरं झालं असतं, असं त्याला पुढे फार वाटलं.

तर तीन वर्षं भरायच्या आधीच, या बाकावरच्या अहवालावर समुद्रकाठच्या नव्या फिरायच्या रस्त्याला कठडा लागला. 'साधी नळी चालेल, रंगाचे दोन हात पुरेत,' असं खाली गंजोबाच्या सहीने लिहिलेलं होतं.

आणि एका सोमवारी प्रयोगशाळेच्या नव्या मॅडम म्हणाल्या, "तीन वर्षं झाली ना? या बुधवारी सगळ्या पट्ट्या घेऊन या. मी स्वतः वजनाला बसणार आहे."

२

बुधवारी सकाळी गंजोबा टपरीवरून पुढे गेला. मावशीने मिठाचा डबा उघडला होता, तो तसाच हातात धरून ती बघत राहिली.

उतारभर तो मनात एकच वाक्य घोळवत होता, की वादळ झालं, पट्ट्या वाहून गेल्या. वाहून गेल्या असत्या तर किती बरं! निदान चाळण तरी झालेली असणार, म्हणजे मग 'वातावरण असाधारण होतं' म्हणता येईल. चोराला पळवाटा सुचतात तशा त्याला एकामागून एक सुचत होत्या, आणि प्रत्येक वाटेच्या टोकाला मॅडमचा चेहरा उभा होता.

सव्वादोन वर्षं न उघडलेलं कुलूप पहिल्याच फेऱ्याला उघडलं. गंजोबा किल्लीकडे बघत राहिला. चांगलं पितळ असेल, असं तो स्वतःला म्हणाला. पितळ होतंही.

मांडणी जागेवर होती. कडेच्या पट्ट्या खाऊन पार वाट लागली होती, पापुद्रे सुटून लोंबत होते. पण मधल्या पट्ट्या ठीक होत्या. ठीक म्हणजे अगदी बेतशीर, शाल पांघरलेल्या. त्याने एकीवर बोट फिरवलं. जुन्या गंजाचा गुळगुळीत, घट्ट थर हाताला लागला. पुस्तकात असतो तसा.

त्याला आनंद व्हायला हवा होता. झालाही. पोटात बर्फाचा गोळा ठेवून वर गुदगुल्या कराव्यात तसा.

बाटलीपाशी गेला तर फडकं ओलं होतं. स्वच्छ होतं. कडा दुमडून दोऱ्याने बांधलेलं, गाठ डाव्या बाजूला. गंजोबा डावखुरा होता.

"पावसाचं पाणी," तो मोठ्याने म्हणाला. महिनाभर पाऊस नव्हता. "मग दव." कोणीतरी ऐकतंय आणि त्याला पटवायचंय, अशा आवाजात तो बोलत होता.

पट्ट्या काढायला तो मांडणीसमोर वाकला तेव्हा त्याला जमीन दिसली. सगळा खडक मिठाने पांढुरका झालेला. फक्त मांडणीच्या पुढ्यात, हातभर अंतरावर, दोन लांबट डाग काळेच राहिले होते. पावलांएवढे. तिथे मीठ पडलंच नव्हतं. किंवा पडायला जागा मिळाली नव्हती.

गंजोबाने पट्ट्या बाजूने हात घालून काढल्या. अडचणीचं होतं, कंबर धरली, पण त्या डागांवर पाय ठेवायचं त्याला जमलं नाही.

३

संध्याकाळी तो घरी आला तेव्हा अण्णा, म्हणजे त्याचे वडील, फिरून आले होते आणि खुर्चीत मोजे काढत होते.

"आज नव्हतास जागेवर?" अण्णांनी विचारलं.

"कुठल्या जागेवर?"

"अरे तिकडे, टोकावर. तुझ्या त्या लोखंडापाशी. रोज दिसतोस नवीन रस्त्यावरून. मी हात करतो, तू काही करत नाहीस."

बायको गंजोबापुढे ताट ठेवत म्हणाली, "अहो अण्णा, ते कामात असतात."

"हो, तेच मी सगळ्यांना सांगतो. आमच्या कट्ट्यावरचा तो निवृत्त हेडमास्तर म्हणतो, तुमचा मुलगा पुतळा आहे की काय? म्हटलं पुतळा नाही, शास्त्रज्ञ आहे. ऑफिस सुटल्यावर लोक घरी पळतात, हा वाऱ्यात उभा राहतो."

ऑफिस सुटल्यावर गंजोबा रोज दोन तास पत्ते खेळायचा. घरी सांगताना 'कामात होतो' म्हणायचा. त्याचा घास तोंडात फिरायला लागला.

"कोणीतरी दुसरं असेल, अण्णा. कुंपणाचा खांब वगैरे."

"खांब डावा खांदा पाडून उभा राहतो का? लहानपणी दप्तर एकाच खांद्यावर टाकायचास, किती ओरडायचो मी." अण्णा हसले. "लेका, लाजतोस काय असा? पूर्वी मला वाटायचं, हा जरा कामचुकारच आहे. सांगतो आता, राग मानू नकोस. पण तिथे उभं राहिलेलं पाहिलं, आणि म्हटलं, आपलंच चुकलं."

माणसाला शिव्या सोसतात. हे सोसत नाही. गंजोबाने ताटात नजर घातली ती वर काढली नाही.

"तुम्ही कठड्याला टेकून उभे राहता?" त्याने विचारलं.

"टेकून काय, चांगला रेलतो! त्याशिवाय तुझं टोक नीट दिसत नाही. एका जागी जरा हलतो तो, बुडाशी रंग फुगलाय. पण तुझ्या सहीचा कठडा आहे म्हटल्यावर मला कसली भीती?"

"काही दिवस टेकू नका. रंग... रंग ओला आहे."

"ओला?" अण्णांनी सदऱ्याची बाही वळवून दाखवली. "आज तासभर रेललो होतो. लागला नाही तो?"

आता बोल, गंजोबा स्वतःला म्हणाला. चार शब्दांचं काम आहे, 'मी खोटं लिहिलंय, अण्णा'. ते चार शब्द घशापर्यंत आले, आणि अण्णांनी मायेने त्याच्या पाठीवर थाप मारली, तेव्हा पुन्हा खाली गेले.

"चांगल्या कंपनीचा असेल," तो म्हणाला.

४

गुरुवारी मॅडम खरोखरच वजनाला बसल्या. मधल्या पट्ट्यांपैकी सहा त्यांनी स्वतः निवडल्या, आम्लात धुऊन, वाळवून एकेक काट्यावर ठेवली. गंजोबाने आळसापायी शेवटच्या अहवालाचा मसुदा आधीच तयार ठेवला होता, त्यात पट्टीगणिक घटही भरलेली होती. तो मसुदा मॅडमच्या डाव्या हाताशी होता.

"एकवीस नंबर. एकोणीस पूर्णांक सत्तावीस ग्रॅम घट." त्यांनी मसुदा पाहिला. "तुमचं एकोणीस सत्तावीस."

"हं."

"बावीस नंबर. अठरा सत्त्याण्णव." पान पाहिलं. "अठरा सत्त्याण्णव."

सहाच्या सहा जुळल्या. सहाच्या सहांच्या शेवटी सात होता. काट्याच्या काचेमागे तो तांबडा सात दर वेळी जरा थरथरायचा आणि मग स्थिर व्हायचा.

मॅडमनी चष्मा काढला. "मी वीस वर्षं हे करतेय. असं भाकीत पाहिलं नाही. खरं सांगू? तुमची वही पाहून मला संशय आला होता, फारच सरळ आकडे होते. म्हणून वजनाला बसले. माफ करा मला."

"अहो मॅडम, माफी कसली..."

"नाही, चूक ती चूक. आता शाळेसमोरच्या जिन्यालाही हीच साधी नळी सुचवू आपण. उरलेल्या पट्ट्या तुम्ही धुऊन टाका, मी पत्र तयार करते."

त्या गेल्या. गंजोबा एकटा राहिला. दुपारचे चार वाजून गेले होते, खिडकीतून लख्ख ऊन येत होतं, पंखा फिरत होता. भिण्यासारखं त्या खोलीत काही नव्हतं, हे मुद्दाम सांगतो.

धुण्याआधी पट्ट्या मांडणीच्या क्रमाने टेबलावर लावून त्यांची नोंद करायची रीत आहे. त्याने लावायला घेतल्या. वरून पहिली ओळ, दुसरी, तिसरी. पेटीतून बारीक कुरकुर ऐकू येत होती, मिठावरून कोणी चालावं तशी. गरमीने पापुद्रे सुटतात, तो म्हणाला. सुटतातच. आठवी ओळ लावली, मॅडमनी नेलेल्या सहांच्या जागा मोकळ्या ठेवल्या, आणि मागे सरून त्याने टेबलाकडे पाहिलं.

कडेने जाड, भगभगीत, फुललेला गंज. मध्ये घट्ट, तपकिरी, शांत गंज. आणि दोहोंमधली रेघ सलग होती. एका पट्टीवरून दुसरीवर, तिथून खालच्या ओळीवर. वर एक गोल. गोलाखाली मान. मानेखाली दोन खांदे, त्यातला डावा पडलेला. मग अंगाला चिकटलेले हात, आणि खाली जरा फाकलेले पाय, गुडघ्यांशी किंचित वाकलेले, गुडघे दुखत असावेत तसे. छातीच्या जागी सहा चौकोनी भोकं.

आडोसा. धंद्यातला पहिला धडा. समुद्र आणि लोखंड यांच्यामध्ये काही उभं असलं, की मीठ त्याच्यावर बसतं आणि लोखंड हळू गंजतं. वहीतला खोटा आकडा खरा व्हायचा तर कोणीतरी आडोसा करून उभं राहायला हवं. दिवसरात्र. सव्वादोन वर्षं. आणि सगळं मीठ आपल्या अंगावर घ्यायला हवं.

कठड्यासमोर असं कोणी उभं नव्हतं.

गंजोबा धावत मॅडमकडे गेला असं सांगायला मला आवडलं असतं. पण झालं ते सांगतो. त्याने रबरी हातमोजे चढवले, पहिल्या ओळीतल्या तीन आणि चार नंबरच्या पट्ट्या उचलल्या, ज्यांवर डोकं होतं त्या, आणि आम्लाच्या टाक्यात सोडल्या. आधी डोकंच. म्हणजे उरेल त्याला कोणी माणूस म्हणणार नाही. टाकं फसफसलं. वजनं जुळली आहेत, मॅडमनी माफी मागितली आहे, बाप अभिमानाने सांगत सुटला आहे. झाकली मूठ. कठड्याचं नंतर काहीतरी निमित्त काढून बदलून घेऊ. नंतर.

पाच वाजता भिंतीवरचा फोन वाजला.

५

"हॅलो, मॅडम का? ह्यांना निरोप द्याल? ते तिकडे टोकावर आहेत, त्यांच्याकडे फोन नाही..." बायकोचा आवाज.

"अगं, मीच बोलतोय."



"तुम्ही?" ती म्हणाली. "तुम्ही तिथे कसे?"

"का? काय झालं?"

"अहो, आत्ता खिडकीतून... अण्णांनी दाखवलं मला. टोकावर तुम्हीच. हात करत होतात. दोन्ही हात डोक्यावर, असे फुली मारल्यासारखे. अण्णा किती खूश झाले, इतक्या दिवसांनी हात केला म्हणून. चपला घालून धावत गेले रस्त्याकडे, तुम्हाला उत्तर द्यायला." तिचा आवाज बारीक झाला. "मी पाहिलं अहो. तुमचाच खांदा होता."

दोन्ही हात डोक्यावर, फुली मारल्यासारखे. रस्ता खचला की कामगार गाड्यांना असाच हात करतात. मागे व्हा, म्हणून.

गंजोबा धावला. फाटकातून, उतारावरून, समुद्राच्या रस्त्याने. ज्या गुडघ्यांच्या नावाखाली सव्वादोन वर्षं बाकावर गेली, ते गुडघे त्या दिवशी एक अक्षर बोलले नाहीत. याचीही त्याला धावता धावता लाज वाटली.

रस्त्यावर नेहमीची फिरणारी माणसं होती. अण्णा त्यांच्या जागेवर. पोट कठड्यावर टेकवून, टाचा उचलून, दोन्ही हात हलवत होते. त्यांच्या प्रत्येक हालचालीबरोबर नळी जराशी पुढे जात होती आणि परत येत होती.

"अण्णा, मागे या!"

अण्णांनी ऐकलं नाही. वारा समुद्रावरून होता.

"अण्णा! कठडा कच्चा आहे! मी खोटं लिहिलंय!" गंजोबाचा आवाज फाटला. "मी तिथे जातच नव्हतो! टपरीवर बसून आकडे लिहायचो! सगळं खोटं आहे, अण्णा!"

सगळा रस्ता थांबला. अण्णांच्या कट्ट्यावरचे हेडमास्तर थांबले, त्यांची काठी थांबली. अण्णांनी टाचा टेकवल्या, हात नळीवर ठेवले आणि वळून मुलाकडे पाहिलं. मग नळीवरचे हात काढून घेतले, हळूच, दुसऱ्याच्या वस्तूला चुकून हात लागल्यासारखे, आणि दोन पावलं मागे आले.

काही पडलं नाही, मोडलं नाही. नळी वाऱ्यावर दोनदा हलली.

"जात नव्हतास?" अण्णा म्हणाले.

"नाही."

"मग तो कोण?"

गंजोबाने मान वर केली. खाडीच्या तोंडापलीकडे टोक दिसत होतं, कुंपण, रिकामी मांडणी. मांडणीसमोर कोणीतरी उभं होतं. हात आता खाली आले होते. इथून त्याची समुद्राकडची बाजू दिसत होती, आणि ती बाजू तांबडी होती. मावळतीचं ऊन असेल, गंजोबा मनात म्हणाला. तेवढ्यात वाऱ्याचा एक झोत आला, आणि त्या आकृतीच्या खांद्यावरून काहीतरी पापुद्र्यासारखं सुटून उडालं. ती हलली नाही.

गंजोबाने डोळे खाली घातले.

"त्याला हात कर," अण्णा म्हणाले.

"अण्णा, चला घरी."

"हात कर त्याला. इतकी वर्षं तुझ्या जागी उभा आहे तो."

गंजोबाचा हात उठला नाही.

६

मॅडमनी दुसऱ्या दिवशी कठड्याच्या बुडाशी फुगलेल्या रंगावर पेन टेकवलं. पेन आत गेलं, टोपणासकट. नळी आतून पोकळ झाली होती, बाहेर नुसता रंग उभा होता. शाळेच्या जिन्याचं पत्र फाडलं गेलं. टेबलावरच्या उरलेल्या पट्ट्यांकडे मॅडमनी पाहिलं, डोक्याच्या जागी दोन चकचकीत पट्ट्या होत्या त्याही पाहिल्या. सगळ्या पट्ट्या कागदात गुंडाळून कपाटात ठेवल्या आणि कपाटाची किल्ली आपल्या पर्समध्ये टाकली.

गंजोबाला काढून टाकलं नाही. त्याने स्वतः तसं सुचवलं होतं, पण मॅडम म्हणाल्या, "ते फार सोपं होईल." नव्या अठ्ठेचाळीस पट्ट्या लावल्या, तीन वर्षं पुन्हा पहिल्यापासून, आणि आता महिन्यातून एकदा नाही, रोज. गंजोबा रोज जातो. टपरीवाली मावशी त्याला बघून मिठाचा डबा उघडत नाही. नव्या आकड्यांत सात येतो तेवढाच येतो. मधल्या पट्ट्याही कडेच्यांसारख्याच, झपाझप आणि खऱ्या गंजतात.

मांडणीपुढचे दोन डाग मात्र अजून काळे आहेत. सगळा खडक पांढरा होतो, तेवढे होत नाहीत. गंजोबा त्यांना वळसा घालून काम करतो.

पाच वाजता पलीकडच्या रस्त्यावर, नव्या जाड कठड्यापासून चांगले दोन हात मागे, अण्णा येऊन उभे राहतात. घरी ते त्याच्याशी पूर्वीसारखं बोलत नाहीत, कामापुरतं बोलतात. पण तिथून हात करतात. गंजोबाही करतो.

अण्णा दोनदा हात करतात. एकदा करून थांबतात, जरा बाजूला बघतात, मग पुन्हा एकदा.

त्यातला पहिला कोणासाठी असतो, हे विचारायचं तोंड गंजोबाला नाही.